माळशिरस साताऱ्यातून सोलापुरात गेलं, तेव्हा नेमकं काय हललं?

आजच्या भागाचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. नेटवर्क स्टोरेजमधली फाइल सिस्टिम एका व्हर्च्युअल सर्व्हरवरून दुसऱ्या व्हर्च्युअल सर्व्हरवर कशी हलवतात, आणि ही कल्पना आली कुठून. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माझं रोजचं काम याच्याच आसपास असतं. पण सुरुवात मी सिलिकॉन व्हॅलीपासून करणार नाहीये. सुरुवात माळशिरसपासून, आणि तीही १८७५ सालापासून. तेव्हा सर्व्हर नव्हता, डिस्क नव्हती. तरी हे काम झालं होतं. हेडफोन लावा, सांगतो.

माळशिरस आधी साताऱ्याकडे होतं

आज माळशिरस म्हटलं की सोलापूर जिल्हा. अकलूज, नातेपुते, वेळापूर, माळीनगर, सगळं सोलापुरात. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी हा एक. पण हे कायम असं नव्हतं. हा मुलूख सातारच्या राज्यात होता. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं आणि माळशिरस सातारा जिल्ह्याचा भाग झालं. पुढे १८७१ मध्ये सोलापूर जिल्ह्याची नव्यानं मांडणी झाली. सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा हे तालुके होतेच. त्यांना साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला जोडले. आणि १८७५ मध्ये माळशिरसही साताऱ्याकडून काढून सोलापूरला जोडलं.

आता विचार करा, त्या दिवशी माळशिरसमध्ये काय हललं? नीरा नदी होती तिथंच वाहत होती. शेतांचे बांध जागचे हलले नाहीत. हद्दीचे दगड तसेच. गावं तीच, माणसं तीच. एक ढेकूळसुद्धा इकडचं तिकडं झालं नाही. पण ज्याला कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा होता, त्याची वाट बदलली. काल पश्चिमेला साताऱ्याची वाट होती, मधे फलटण संस्थानाचा मुलूख. आज पूर्वेला, पंढरपूरवरून सोलापूर. अंतर दोन्हीकडं साधारण सारखंच, शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण कचेरी वेगळी, साहेब वेगळा, दप्तर वेगळं.

हे चित्र डोक्यात ठेवा. कारण व्हर्च्युअल सर्व्हर बदलतो तेव्हा हेच होतं.

जिल्हा म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर

आधी शब्द समजून घेऊ. फाइल सिस्टिम म्हणजे फाइली आणि फोल्डर यांची एक पूर्ण मांडणी. कुठली फाइल कुठं आहे, किती मोठी आहे, मालक कोण, शेवटचा बदल कधी, हे सगळं तिच्या आत लिहिलेलं असतं. मोठ्या कंपनीत किंवा सरकारी खात्यात ही फाइल सिस्टिम तुमच्या लॅपटॉपमध्ये नसते. ती एका मोठ्या स्टोरेज यंत्रावर असते, शेकडो डिस्क लावलेल्या, आणि शेकडो लोक नेटवर्कवरून ती वापरतात.

आता एवढं महाग यंत्र एकाच विभागासाठी घेणं परवडत नाही. मग काय करायचं? एकाच यंत्राने अनेक सर्व्हर असल्याचं सोंग घ्यायचं. अकाउंट्सवाल्यांना वाटतं त्यांचा वेगळा सर्व्हर आहे, डिझाइनवाल्यांना वाटतं त्यांचा वेगळा. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा आयपी ॲड्रेस, वापरणाऱ्यांची वेगळी यादी, वेगळे नियम. खाली डिस्क मात्र त्याच. हे सोंग म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर.

आमच्या भाषेत सांगायचं तर जमीन म्हणजे डेटा, तालुका म्हणजे फाइल सिस्टिम, आणि जिल्हा म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर. कचेरी, शिक्का, अधिकारी आणि नियम जिल्ह्याचे. जमीन कुणाच्या शिक्क्यानं हलत नाही. पण तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता शिक्क्यावरून जातो.

दोन प्रकारचं हलवणं

स्टोरेजमध्ये हलवण्याचे दोन प्रकार आहेत, आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार: डेटा हलतो, पत्ता तोच राहतो. समजा जुन्या डिस्क भरल्या. मग फाइल सिस्टिम नव्या डिस्कवर न्यायची. हजारो गिगाबाइट्स कॉपी होतात, कधी रात्रभर काम चालतं. पण वापरणाऱ्याला काही कळत नाही. त्याची एक्सेल शीट उघडी असते, ती उघडीच राहते. नेटॲप कंपनीच्या स्टोरेजमध्ये या कामाला 'व्हॉल्यूम मूव्ह' म्हणतात.

दुसरा प्रकार: डेटा जागचा हलत नाही, मालक सर्व्हर बदलतो. त्याच नेटॲपमध्ये याला 'व्हॉल्यूम रीहोस्ट' म्हणतात. यात आत काय होतं? फाइल सिस्टिमच्या माथ्यावर ती कुणाची याची नोंद असते. ती नोंद बदलते. कॉपी शून्य. पण हे काम चालू वेळेत करता येत नाही. वापरणाऱ्यांना आधी बाहेर काढावं लागतं. आणि हलवून झाल्यावर शेअर पुन्हा तयार करा, कुणाला आत येऊ द्यायचं त्याचे नियम पुन्हा लिहा, कोण किती जागा वापरू शकतो ती मर्यादा पुन्हा घाला. कारण हे सगळं जुन्या सर्व्हरचं होतं, फाइल सिस्टिमचं नव्हतंच.

गंमत बघा. जिथं सगळा डेटा उचलून दुसरीकडं नेला, तिथं कुणाला पत्ता लागला नाही. जिथं एक बाइटही हलला नाही, तिथं सगळ्यांचं काम थांबलं.

म्हणून अशी कामं शनिवारी मध्यरात्री ठरवतात. कमांड चालायला फारसा वेळ लागत नाही. खरी मेहनत असते ती यादीची: या फाइल सिस्टिमला कोण कोण कुठल्या नावानं हाक मारतंय? कुठली जुनी स्क्रिप्ट, कुठला रिपोर्ट, कुठल्या कोपऱ्यातला स्कॅनर? ती यादी कुणाकडंच पूर्ण नसते.

पिट्सबर्गमधली गोष्ट

हा प्रश्न पहिल्यांदा नीट कुणी सोडवला? त्यासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्गला जाऊ, कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत. १९८२ च्या सुमारास तिथं आयबीएमच्या साथीनं एक प्रकल्प सुरू झाला, नाव अँड्र्यू. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन, दोघांच्याही पहिल्या नावावरून. कल्पना अशी की कॅम्पसवरच्या हजारो कॉम्प्युटरवरून कुणीही, कुठूनही आपल्या फाइली उघडाव्यात. आज ड्राइव्ह वापरताना आपल्याला यात काही वाटत नाही. तेव्हा हे फार मोठं स्वप्न होतं. या अँड्र्यू फाइल सिस्टिमच्या, म्हणजे एएफएसच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक होते महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले.

पहिल्या आवृत्तीत एक अडचण निघाली. कुठलं फोल्डर कुठल्या सर्व्हरवर आहे, ही माहिती फाइलींच्या झाडातच, जागोजागी खुणांसारखी पेरलेली होती. एक सर्व्हर भरला आणि दुसरा रिकामा असला, तरी एखाद्याचं फोल्डर उचलून तिकडं नेणं जिकिरीचं. कारण खुणा सगळीकडं पसरलेल्या.

मग दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, फाइलींचे छोटे गट पाडले आणि त्यांना व्हॉल्यूम म्हटलं. दुसरी गोष्ट मोठी होती. कुठला व्हॉल्यूम कुठं आहे याची एक वेगळी नोंदवही केली. आता क्लायंट फाइल शोधायला निघाला की आधी व्हॉल्यूमचा नंबर बघणार, मग नोंदवहीत तो नंबर कुठं राहतो ते बघणार, आणि मग तिकडं जाणार. फाइलच्या नावात सर्व्हरचं नाव नाहीच.

हलवायची पद्धतही बघण्यासारखी आहे. व्हॉल्यूम चालू असतानाच त्याची एक गोठवलेली प्रत काढायची. ती प्रत नव्या सर्व्हरवर पाठवायची. तोवर मूळ जागी लोक काम करतच असतात, म्हणजे काही फाइली बदलतात. मग फक्त बदललेल्या फाइली पुन्हा पाठवायच्या. हा फरक लहान झाला की शेवटी क्षणभर थांबायचं, उरलेलं पाठवायचं आणि नोंदवहीत पत्ता बदलायचा. एखादा क्लायंट जुना पत्ता धरून जुन्या सर्व्हरकडं गेलाच, तर तिथं त्याला कळायचं की इथून गेलंय, आणि तो पुन्हा नोंदवही बघायचा. हे सगळं १९८८ मध्ये त्यांनी एका शोधनिबंधात मांडलं. आज क्लाउडमध्ये जे काही न थांबता हलवलं जातं, त्यातल्या बऱ्याच पद्धतींची चाल हीच आहे.

'शिळं टोकन' आणि दुकानावरची पाटी

याच काळात, १९८४-८५ च्या सुमारास, सन मायक्रोसिस्टिम्सनं एनएफएस आणलं. नेटवर्क फाइल सिस्टिम. ते साधं होतं म्हणून झपाट्यानं पसरलं. त्यात सर्व्हर क्लायंटला फाइलसाठी एक टोकन देतो, त्याला फाइल हँडल म्हणतात. बँकेत टोकन घेतो ना, तसंच. क्लायंट पुढच्या वेळी फक्त टोकन दाखवतो आणि सर्व्हर फाइल देतो.

पण माळशिरसच्या शाखेचं टोकन घेऊन पंढरपूरच्या शाखेत गेलात तर? तिथला माणूस म्हणणार, हे आमचं नाही. एनएफएसमध्ये फाइल सिस्टिम दुसऱ्या सर्व्हरकडं गेली की नेमकं हेच व्हायचं. एक एरर यायचा, 'स्टेल फाइल हँडल', म्हणजे शिळं टोकन. लिनक्सवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, या तीन शब्दांनी त्याची एखादी तरी रात्र खाल्लेली असते. फाइल सुखरूप आहे, डिस्क सुखरूप आहे, पण तुमच्या हातातल्या चिठ्ठीला किंमत नाही.

यावर उत्तर यायला बरीच वर्षं गेली. एनएफएसची चौथी आवृत्ती २००० मध्ये आली, २००३ मध्ये सुधारून पुन्हा आली. तिच्यात एक नवं उत्तर देण्याची सोय केली: 'मूव्ह्ड'. म्हणजे ती फाइल सिस्टिम इथून गेली आहे. आणि कुठं गेली असेल ते सांगायलाही एक जागा ठेवली. बाजारपेठेत बंद शटरवर पाटी असते बघा, 'आमचे दुकान समोरच्या गल्लीत हलवले आहे'. तेवढीच गोष्ट. पण त्या पाटीमुळं गिऱ्हाईक तुटत नाही.

दरम्यान २००० च्या दशकात एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल सर्व्हर ही पद्धत रुळली. कुठली कंपनी त्याला व्हीफायलर म्हणे, कुठली व्हर्च्युअल डेटा मूव्हर, कुठली ईव्हीएस. नावं वेगळी, कल्पना एकच. आणि यातलं बरंच काम आपल्या जवळच होतं. व्हेरिटास ही स्टोरेज सॉफ्टवेअरची मोठी कंपनी, तिचं डेव्हलपमेंट सेंटर १९९० च्या दशकापासून पुण्यात. पुढं स्टोरेजच्या किती तरी टीम पुण्यात उभ्या राहिल्या. फाइल सिस्टिमच्या पोटात हात घालून काम करणारी मराठी मुलं-मुली पुण्यात शोधायला लागत नाहीत.

नंबर माणसाला नाही, शेताला

आता परत नीरेच्या काठावर येऊ. माळशिरसच्या पलीकडच्या काठावर इंदापूर तालुका. मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीच्या पद्धतीचा पाया याच इंदापुरात घातला गेला. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं एक मोजणी केली होती, ती फसली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्यानं काम सुरू केलं. शेत मोजायचं, हद्दीवर खुणा करायच्या, नकाशा काढायचा आणि शेताला एक नंबर द्यायचा. सर्व्हे नंबर. ही पद्धत पुढं सगळ्या इलाख्यात गेली.

इंजिनिअरच्या नजरेनं बघा. नंबर शेतकऱ्याला दिला नाही, शेताला दिला. शेत विकलं, वाटणी झाली, बाप गेला, मुलाचं नाव लागलं, तरी शेताची ओळख टिकते. एएफएसनं व्हॉल्यूमला नंबर दिला आणि तो कुठं राहतो हे वेगळ्या वहीत लिहिलं. दोन्हीतला विचार सारखाच आहे: जे वारंवार बदलतं ते ओळखीत मिसळायचं नाही.

पण सर्व्हे नंबर गावापुरताच. प्रत्येक गावात पंचेचाळीस नंबर असतो. म्हणून पूर्ण पत्ता लागतो: जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर. हा पत्ता म्हणजे कॉम्प्युटरमधला पाथच की. १८७५ मध्ये माळशिरसच्या प्रत्येक शेताच्या पाथमधला पहिला शब्द बदलला. सातारा जाऊन सोलापूर आलं. तालुका, गाव, नंबर, पुढचं सगळं तसंच. आतून बघणाऱ्याला, म्हणजे गावातल्या पाटील-कुळकर्ण्यांना, शेत ओळखायला काहीच अडचण नव्हती. पण त्याआधीचा जो कागद वरून, जिल्ह्यापासून सुरू होतो, तो जुन्या जिल्ह्याच्या नावानं सुरू होणार. आज कुणी माळशिरसच्या त्या काळच्या कागदांचा माग काढायला निघालं, तर त्यानं सोलापूरबरोबर साताऱ्याकडंही बघायला हवं. दीडशे वर्षं झाली तरी जुना पाथ पुरता मेलेला नाही.

आणि तालुका एकाच झाडाला लटकलेला असतो असंही नाही. महसुलाला माळशिरस सोलापूर जिल्ह्यात. पण लोकसभेला ते माढा मतदारसंघात, आणि त्याच मतदारसंघात सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माणही आहेत. म्हणजे एकाच फाइल सिस्टिमला दोन नावांनी दोन ठिकाणांहून वाट. एक वाट बदलायची तर दुसरीला धक्का लागता कामा नये.

सारखाच नंबर, वेगळी जमीन

सगळ्यात वाईट गोंधळ कधी होतो माहितीये? पत्ता चुकला आणि 'सापडत नाही' असं उत्तर आलं, तर बरं. निदान कळतं तरी. पत्ता चुकला आणि काहीतरी दुसरंच सापडलं, तर खरी पंचाईत.

स्टोरेजमध्ये हे असं होतं. फाइल सिस्टिमच्या आत मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, फक्त एक नंबर असतो. समजा १००५. हा १००५ म्हणजे कोण, ते सर्व्हरकडच्या यादीत असतं. जुन्या सर्व्हरच्या यादीत १००५ म्हणजे हिशेब बघणारी बाई. फाइल सिस्टिम नव्या सर्व्हरकडं गेली, आणि त्याच्या यादीत १००५ म्हणजे भलताच कुणी इंटर्न. कुठलाही एरर आला नाही. सगळे दिवे हिरवे. आणि पगाराची फाइल आता त्या इंटर्नच्या नावावर.

शेतीत हेच झालं गटवारीत. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. विखुरलेले तुकडे एकत्र करायचे म्हणून पुढं गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आता आजोबांच्या खरेदीखतावर लिहिलंय सर्व्हे नंबर ४५. नातू मोबाइलवर गट नंबर ४५ टाकतो. सातबारा झटकन येतो. पण नाव दुसऱ्याच कुणाचं! नातवाला वाटतं, जमीन हडपली. खरं तर आजोबांचं शेत दुसऱ्याच एखाद्या गट नंबराखाली जागच्या जागी असू शकतं. जुन्या नंबरावरून नव्या नंबराकडं नेणारा तक्ता बघितल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

तो तक्ता म्हणजे दुकानावरची पाटी. तो नीट ठेवला तर भांडण पाच मिनिटांत मिटतं. नाही ठेवला तर भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद.

कागदावरून सर्व्हरवर

आणखी एक मोठं स्थलांतर तर आपल्या डोळ्यांसमोर झालं. सातबारा, म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाची, कुणाचा काय हक्क, काय बोजा. बारामध्ये पीक काय. हे सगळं तलाठ्याच्या हाताखाली, वहीत. मग ते तालुक्याच्या कॉम्प्युटरवर आलं. पुढं ई-फेरफार प्रकल्पात ते मध्यवर्ती सर्व्हरकडं गेलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन मिळू लागला. तालुक्याला हेलपाटा न घालता उतारा हातात आला, ही छोटी गोष्ट नाही. पीककर्जाच्या दिवसांत एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं.

पण हलवलेला डेटा बरोबर आला का, हे कसं तपासायचं? आमच्याकडं यासाठी चेकसम असतो. मूळ फाइलवरून गणितानं एक छोटा आकडा काढायचा, प्रतीवरूनही काढायचा, आणि दोन्ही जुळतात का बघायचं. आता हस्तलिखित वहीचा चेकसम कसा काढणार? महसूल खात्यानं २०१७ मध्ये जे केलं ते मला फार आवडतं. चावडी वाचन! गावात लोकांना जमवायचं आणि कॉम्प्युटरमधला सातबारा मोठ्यानं वाचून दाखवायचा. कुणाचं नाव चुकलं, कुणाचं क्षेत्र कमी-जास्त झालं, कुणाचा हिस्सा गळला, तर त्यानं तिथंच सांगायचं. ज्याच्या जमिनीची नोंद, तोच तपासणारा. आणि जुन्या वहीतून टाइप करताना झालेली लेखनाची चूक दुरुस्त करायला महसूल कायद्यात कलम १५५ आहेच.

आता ज्याला चावडी वाचनाला जाता आलं नाही, त्याचं काय? पुण्याला कामाला गेलेला, मुंबईत हमाली करणारा, सासरी नांदणारी आणि माहेरच्या सातबाऱ्यावर जिचं नाव आहे अशी बहीण? तिचं नाव टाइप करताना गळलं, तर त्या दिवशी चावडीत हात वर करणारं कोण होतं? स्थलांतरात सगळ्यात आधी गळतं ते हजर नसणाऱ्याचं. आमच्याकडंही हीच तऱ्हा. रोज लॉगिन करणारा सोमवारी सकाळी फोन करून ओरडतो, त्याचं काम दुपारपर्यंत होतं. वर्षातून एकदा, मार्चअखेर चालणारी स्क्रिप्ट मात्र अकरा महिने गप्प असते. ती तुटलीय हे मार्चमध्ये कळतं, तोवर जुना सर्व्हर पुसून टाकलेला असतो.

आता सातबाऱ्यावर गट नंबराच्या जोडीला एक अकरा अंकी ओळख क्रमांकही येऊ लागला आहे. त्यात जिल्हा-तालुका वाचत बसायची गरज नाही, तो त्या सातबाऱ्याचा एकट्याचा. उद्या जिल्हा बदलला तरी क्रमांक तोच राहू शकतो. आणि जिल्हे बदलतात बरं का. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर निघालं, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. ज्यांनी हे बघितलंय त्यांना विचारा, कुठल्या कागदावर कुठला जिल्हा लिहायचा यात किती दिवस गेले.

धर्मपुरीचा पूल

चांगलं हस्तांतर कसं दिसतं? ते बघायला आषाढात धर्मपुरीला उभं राहा. ज्ञानोबांची पालखी सातारा जिल्ह्यातला बरडचा मुक्काम आटोपून निघते आणि धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे माळशिरस तालुक्यात येते. सातारा जिल्हा निरोप देतो, सोलापूर जिल्हा स्वागत करतो. पुढं मुक्काम नातेपुते, माळशिरस, वेळापूर.

त्या सीमेवर काय काय बदलतं बघा. बंदोबस्ताचे पोलीस बदलतात. पाण्याचे टँकर, दवाखान्याची पथकं, वीज, सफाई, सगळ्यांची जबाबदारी एका जिल्ह्याकडून दुसऱ्याकडं जाते. आणि टाळ वाजवत चाललेल्या म्हातारीला यातलं काय कळतं? काही नाही. तिचा अभंग मधे तुटत नाही. कारण सोलापूरची यंत्रणा पालखी यायच्या आधीपासून तिथं तयारीत उभी असते. आधी घेणारा हात पुढं येतो, मग देणारा सुटतो. हाच क्रम आम्हाला स्टोरेजमध्ये पाळायचा असतो, आणि घाईच्या प्रोजेक्टमध्ये नेमका हाच उलटा होतो.

मग यातून घ्यायचं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. हलवणं हा तांत्रिक प्रश्न आहे आणि तो बऱ्यापैकी सुटलाय. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या माणसाला कोण उत्तर देणार, हा जबाबदारीचा प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक वेळी नव्यानं सोडवावा लागतो. एएफएसनं वेगळी नोंदवही ठेवली. एनएफएसला 'मूव्ह्ड' हा एक शब्द शिकायला पंधरा-सोळा वर्षं लागली. एकत्रीकरणात जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता लागला. जिथं ही पाटी लावायची राहिली, तिथं भरपाई करतो तो यंत्र हलवणारा नव्हे. भरपाई करतो तो बिचारा जुनी चिठ्ठी घेऊन रांगेत उभा असलेला माणूस.

तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी 'सर्व्हर बदललाय, नवा पाथ वापरा' असा दोन ओळींचा मेल टाकण्याआधी, जुना पाथ निदान एक मार्च महिना पाहीपर्यंत जिवंत ठेवा.

आणि ज्यांच्या घरी शेती आहे, मग ती माळशिरसला असो नाहीतर कुठंही, त्यांनी या आठवड्यात एक काम करा. घरातलं जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र काढा. त्यावरचा सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. मोबाइलवर आजचा सातबारा उघडून नावं मोठ्यानं वाचा. आईचं आहे का, आत्याचं आहे का, बहिणीचं आहे का बघा. मग दोन्हीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. तुमच्या घरचा तक्ता तयार.

तुमच्या गावाचा तालुका किंवा जिल्हा कधी बदलला असेल, आणि त्यामुळं घरातल्या कुणाला हेलपाटे पडले असतील, तर ती गोष्ट आम्हाला व्हॉइस नोट करून जरूर पाठवा. पुढच्या भागात निवडक गोष्टी ऐकवू. तोवर, भेटू पुन्हा.